लिबास : अपंगत्व आणि दाम्पत्याचे सुख

रमजानच्या रात्रींविषयीचे आदेश देताना पवित्र कुरआनने पती-पत्नींना एकमेकांचा लिबास म्हटले आहे (सूरह अल्-बकरा, २:१८७). निकाहच्या प्रसंगी ही उपमा आपण नेहमी ऐकतो. वस्त्राने शोभा येते, वस्त्राने ऊब मिळते, तसेच पती-पत्नींचे नाते असते, असे वक्ते सांगतात आणि ते खरेच आहे. परंतु वस्त्राचे पहिले काम शोभा देणे हे नव्हे. सूरह अल्-आराफमध्ये (७:२६) मानवाला वस्त्र प्रदान केल्याचा उल्लेख येतो, तेथे लज्जा झाकण्याचा हेतू आधी सांगितला आहे आणि शोभेचा नंतर. हा क्रम लक्षात ठेवावा. ज्या दाम्पत्यातील एकाचे शरीर अकस्मात निकामी होते, त्या दाम्पत्याला या आयतीचा पहिला अर्थ इतर कोणाहीपेक्षा अधिक उमगतो.

निरोगी माणसाला झाकण्यासाठी फारसे श्रम पडत नाहीत. तो आपले कपडे आपण घालतो, आपला घास आपण घेतो, हाजतीला आपल्या पायांनी जातो. मग एखाद्या पहाटे फालिजचा झटका येतो आणि अर्धे अंग लुळे पडते. मधुमेहाने पाय कापावा लागतो किंवा डोळ्यांचा प्रकाश जातो. बांधकामाच्या पराचीवरून पडून पाठीचा कणा मोडतो. जे शरीर काल कालपर्यंत आपण होऊन झाकले जात होते, ते आज डॉक्टर, परिचारिका, भेटीला येणारे नातलग, शेजारी अशा सर्वांसमोर उघडे पडते. लिबासची खरी गरज त्या दिवशी सुरू होते.

काही काळापूर्वी एका भगिनीने मला एक प्रश्न विचारला. तिच्या पतीला बेचाळिसाव्या वर्षी फालिज झाला होता आणि त्याला तीन वर्षे उलटली होती. लोक इमामाकडे येतात ते तलाकचा, वारसाहक्काचा किंवा जकातीचा मसला घेऊन. हिने विचारले, "मौलाना, मी सेवेत कसूर करत नाही. सवाब मिळेल हेही मानते. पण माझ्या संसारात आता सुख म्हणून काही उरले आहे का, ते सांगा." या प्रश्नाला फतवा नाही. पण हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. २०११च्या जनगणनेत आपल्या देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्यांतील जे विवाहित आहेत, त्यांच्यापैकी प्रत्येकाच्या उशाशी हाच प्रश्न घेऊन बसलेले दुसरे एक माणूस असते आणि त्याची मोजदाद कोणत्याही जनगणनेत होत नाही. (शासन आता 'दिव्यांग' हा शब्द वापरते. घरात मात्र कोणी तो वापरत नाही, म्हणून मीही येथे साधा रूढ शब्दच ठेवला आहे.)

आपल्या व्यासपीठांवरून या प्रश्नाचे एक ठरावीक उत्तर दिले जाते : सबर करा, ही परीक्षा आहे. उत्तर चुकीचे नाही, पण ते देण्याची घाई चुकीची आहे. जर्मनीत १९८४पासून आणि पुढे ब्रिटनमध्येही हजारो कुटुंबांना दरवर्षी त्यांच्या जीवनातील समाधानाविषयी तोच प्रश्न विचारण्याचे मोठे उपक्रम चालवले गेले. अपंगत्व आल्यावर समाधानाची पातळी खाली येते, एवढे त्यांतून स्पष्ट दिसले. ती पुन्हा कितपत वर चढते, यावर मात्र अभ्यासकांत मतभेद राहिले. काहींच्या मते बरीचशी, काहींच्या मते अगदी थोडी. मला यात आश्चर्य वाटत नाही. दुःख हे दुःखच असते. हजरत याकूब (अ.) यांचे डोळे पुत्रशोकाने पांढरे पडले, असे कुरआन सांगते (१२:८४), आणि त्याच सूरहमध्ये त्यांच्या सुंदर सबरचाही उल्लेख आहे. अश्रू आणि सबर एकाच माणसाच्या ठायी नांदू शकतात, हे ज्या ग्रंथाने शिकवले, त्याचे अनुयायी थकलेल्या पत्नीच्या डोळ्यांतील पाणी पाहून तिच्या ईमानाची चौकशी करू लागतात, ही खेदाची गोष्ट आहे.

तेव्हा त्या भगिनीच्या प्रश्नाचे उत्तर मला लिबास या शब्दातच शोधावेसे वाटते.

आपल्या फिक्हच्या ग्रंथांत एक छोटासा मसला आहे. मदरशात शिकताना विद्यार्थी तो भराभर वाचून पुढे जातात. आजारी पुरुषाला स्वतः वुजू करता येत नसेल, तर त्याचा मुलगा किंवा भाऊ त्याला वुजू घालील, पण इस्तिंजा, म्हणजे गुप्तांगांची स्वच्छता, ते करू शकत नाहीत. पत्नी असेल तर ती करील. पत्नी नसेल आणि स्वतःला ते शक्य नसेल, तर हनफी फुकहांच्या मते इस्तिंजाची जबाबदारीच त्याच्यावरून उतरते. आजारी स्त्रीच्या बाबतीतही असेच आहे : मुलगी किंवा बहीण वुजू घालील, इस्तिंजा मात्र पतीखेरीज कोणी करणार नाही. प्रथमदर्शनी हा तहारतचा एक रुक्ष नियम वाटतो. पण त्यामागे काय दडले आहे ते पाहा. पोटचा मुलगा, पाठचा भाऊ, जन्म देणारी आई या सर्वांच्या आणि आपल्या शरीराच्या मध्ये शरीअतने एक पडदा ठेवला. तो पडदा फक्त एका माणसापुरता उचलला. ज्याच्यासमोर शरीर उघडे पडले तरी ते उघडे पडत नाही, असे माणूस जगात एकच असते, आणि ते म्हणजे जीवनसाथी. वस्त्राला अंगाची लाज वाटत नाही. (वास्तवात दवाखान्यात अडचणीपुरती परिचारिकेची मदत घ्यावी लागते आणि त्याला मुभा आहे, हे येथे सांगून ठेवतो; नाहीतर कोणी विनाकारण अडून बसायचा.)

झाकले जाण्याची ही आस किती खोल असते, हे सहीह बुखारीतील एका प्रसंगावरून कळते. हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांनी आपले शिष्य अता यांना एक कृष्णवर्णी स्त्री दाखवली आणि ती जन्नती असल्याचे सांगितले. तिला अपस्माराचे, मिरगीचे झटके येत. ती अल्लाहच्या प्रेषितांकडे (स.) आली होती आणि तिने दुआची विनंती केली होती. प्रेषितांनी (स.) तिच्यापुढे दोन मार्ग ठेवले : सबर केल्यास जन्नत, किंवा हवे असल्यास आजार जाण्यासाठी दुआ. तिने सबर निवडला. मात्र लगेच एक गोष्ट मागितली. झटक्यात माझे अंग उघडे पडते, ते उघडे पडू नये एवढी दुआ करावी, असे ती म्हणाली आणि प्रेषितांनी (स.) ती दुआ केली. आजार सोसायला ती तयार होती. बेअब्रू सोसायला तयार नव्हती. आणि येथे हेही पाहावे की सबरचा निर्णय तिने स्वतः घेतला. प्रेषितांनी (स.) तो तिच्यावर लादला नाही, तिच्यासमोर पर्याय ठेवला.

आता आपल्या घरांकडे वळू. घरात कोणी अंथरुणाला खिळले की त्याची खाट बाहेरच्या खोलीत येते. हवा चांगली लागते, भेटणाऱ्यांना सोयीचे पडते, रात्री हाक ऐकू येते, अशी कारणे दिली जातात आणि ती सगळी खरीही असतात. पत्नी मुलांबरोबर आत झोपू लागते. हळूहळू त्या दोघांना दिवसाकाठी एक क्षणही एकांत मिळत नाही. पती म्हणून, पत्नी म्हणून ती दोघे एकमेकांना भेटतच नाहीत. भेटतात ते रुग्ण आणि सेविका. सूरह अन्-नूरमध्ये (२४:५८) फज्रपूर्वी, दुपारच्या विश्रांतीच्या वेळी आणि इशानंतर घरातील लहान मुलांनीसुद्धा परवानगी घेतल्यावाचून आत येऊ नये, असा आदेश आहे. पुढे अवघ्या तीन आयतींनंतर (२४:६१) आंधळे, लंगडे आणि आजारी यांचा उल्लेख करून सर्वांनी मिळून-मिसळून जेवण्यास हरकत नसल्याचे सांगितले आहे. एकाच सूरहमध्ये, जवळजवळ एकाच श्वासात, अपंगाला दस्तरखानावर जागाही दिली आणि दाम्पत्याचा एकांतही राखला. आपण मात्र बहुधा नेमके उलटे करतो. त्याचे ताट वेगळे नेऊन देतो आणि त्याची खाट चारचौघांत मांडतो. पडदा लावा, दाराला कडी असू द्या, दुपारी तासभर भेटणाऱ्यांना थोपवा. त्या दोघांना काय बोलायचे असेल, रडायचे असेल, हसायचे असेल, एकमेकांचा नुसता हात धरून बसायचे असेल, तो त्यांचा हक्क आहे. लिबासचा उल्लेख ज्या आयतीत आला, ती आयत दाम्पत्याच्या जवळिकीविषयीच बोलते. शरीर अपंग झाले म्हणून जवळिकीची इच्छा लाजिरवाणी होत नाही. तिचे रूप बदलत असेल, याबाबत डॉक्टरांना विचारण्यात संकोच नसावा. पण नातेवाइकांनी परस्पर तिचा निकाल लावून टाकू नये.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. कुरआनने लिबास हा शब्द त्या आयतीत दोनदा वापरला. एकदा पत्नीसाठी आणि एकदा पतीसाठी. वस्त्र होणे परस्परांचे आहे. एक कायम वस्त्र आणि दुसरा कायम उघडा, असे चित्र तेथे नाही. अपंगत्व आलेल्या संसारातले सुख जेथे आटते, तेथे बहुतेक वेळा हीच परस्परता संपलेली असते. एकजण नुसता देणारा झालेला असतो आणि दुसरा नुसता घेणारा. देणारा थकतो, घेणारा ओशाळतो. सूरह अर्-रूममध्ये (३०:२१) अल्लाहने दाम्पत्यात मवद्दत आणि रहमत ठेवल्याचे सांगितले आहे. रहमतचे भाषांतर आपण दया असे करतो आणि मग दया म्हणजे कीव, असे समजून बसतो. कीव वरून खाली वाहते. रहमत मात्र त्या आयतीत दोघांच्या मधोमध ठेवलेली आहे, एकाच्या हाती दिलेली नाही.

आमच्या भागात एक वयस्क गृहस्थ आहेत. त्यांच्या पत्नीचे कमरेखालचे अंग काम करत नाही. ते सकाळी बाजारातून भाजी आणतात आणि थेट तिच्या मांडीवर ठेवतात. मेथी निवडायची तिनेच, लसूण सोलायचा तिनेच. चुलीपाशी ते स्वतः उभे राहतात आणि मीठ किती, तिखट किती हे दर वेळी आतून ओरडून विचारतात. तीही दर वेळी तितक्याच जोरात सांगते आणि बहुधा एखादा टोमणाही मारते. शेजारच्या बायकांना हे निष्ठुरपणाचे वाटले. त्यांनी माझ्या कानावर घातले. मी विचारले तेव्हा ते म्हणाले, "मौलाना, चाळीस वर्षं हे घर तिनं चालवलं. आता तिच्या हातातलं काम काढून घेतलं, तर ती माझ्या घरात पाहुणी होईल." मी त्यांना काय शिकवणार होतो?

हे सर्वांना जमेलच असे नाही. ज्याची वाचाच गेली आहे, ज्याला माणसांची ओळख उरली नाही, त्याच्या हाती मेथी देता येत नाही. पण जोवर देण्यासारखे काहीही शिल्लक आहे, मुलांचा अभ्यास घेणे, हिशेब ठेवणे, घरातल्या निर्णयात मत देणे, कुरआनची तिलावत ऐकवणे, जोडीदारासाठी दुआ करणे, तोवर ते त्याच्याकडून मागून घ्यावे. मुलीच्या स्थळाचा विचार चालू आहे आणि बाप बाहेर खाटेवर आहे, पण त्याला कोणी विचारत नाही, असे प्रसंग मी पाहिले आहेत. त्याचे पाय गेले आहेत. त्याची विलायत, त्याचे पालकत्व गेलेले नाही. वलीला न विचारता त्याच्या मुलीचे ठरवणारे काका-मामा कोणत्या अधिकाराने बोलतात?

हजरत अय्यूब (अ.) यांचे उदाहरण आपण सबरसाठी देतो. त्यांच्या संसाराकडे मात्र आपले लक्ष जात नाही. हजरत अनस (रजि.) यांच्याकडून आलेल्या एका रिवायतीनुसार त्यांची परीक्षा अठरा वर्षे चालली आणि जवळचे-दूरचे जवळजवळ सर्वजण त्यांना सोडून गेले. त्याच रिवायतीत एक तपशील आहे : ते हाजतीला जात आणि परतताना त्यांची पत्नी त्यांचा हात धरून त्यांना घरी आणीत असे. एवढेच. त्या पत्नीचे नाव कुरआनने सांगितले नाही. अठरा वर्षांत त्या वाटेवरून ती किती वेळा गेली असेल, याचा हिशेब ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच आहे. पुढे एके दिवशी त्यांना यायला उशीर झाला. अल्लाहच्या आदेशाने त्यांनी जमिनीवर पाय मारला होता, तेथून पाणी निघाले होते आणि ते पूर्ववत निरोगी झाले होते. पत्नीने समोरून येणाऱ्या त्या धडधाकट पुरुषाला ओळखले नाही. तिने त्यालाच विचारले की येथे अल्लाहचा तो आजारी नबी दिसला काय. आणि जाता जाता म्हणाली की तो निरोगी असताना तुमच्याइतका त्याच्यासारखा दिसणारा दुसरा कोणी मी पाहिलेला नाही. अठरा वर्षांनंतरही आपल्या पतीचा निरोगी चेहरा तिच्या आठवणीत जसाच्या तसा होता.

या कथेला आणखी एक बाजू आहे. सूरह सादमध्ये (३८:४४) हजरत अय्यूब (अ.) यांना गवताची जुडी घेऊन तिने मारण्याचा आणि शपथ न मोडण्याचा आदेश आहे. मुफस्सिरीन सांगतात की आजारपणात कोणत्या तरी कारणाने ते पत्नीवर संतापले आणि बरे झाल्यावर तिला फटके मारण्याची शपथ घेऊन बसले. अल्लाहने शपथही पुरी करविली आणि त्या सेवाव्रती स्त्रीला इजाही होऊ दिली नाही. सबरचा आदर्श म्हणून जो नबी कियामतपर्यंत ओळखला जाणार, त्याच्याही घरी आजारपणाने एक असा क्षण आणला होता. तेव्हा आपल्या घरी रुग्ण चिडला, ताट ढकलले, किंवा सेवा करणाऱ्याच्या तोंडून एखादा कडवट शब्द गेला, तर संसार बुडाला असे मानू नये. अल्लाहने तेथे कोणाची बाजू सांभाळली ते मात्र पाहावे. रुग्णाच्या रागापासून सेवा करणाऱ्याला वाचवण्याची तरतूद आकाशातून झाली. आजारी आहे म्हणून त्याने पत्नीवर हात उगारला, शिवीगाळ केली तरी ती सोसलीच पाहिजे, असे म्हणणाऱ्यांना या आयतीत आधार सापडत नाही.

मी आतापर्यंत पतीच्या आजाराची आणि पत्नीच्या सेवेची उदाहरणे अधिक दिली, हे वाचकांच्या लक्षात आले असेल. समाजातही तसेच आहे. पत्नीने अपंग पतीची वीस वर्षे सेवा केली तर तिने कर्तव्य केले असे म्हणतात. पतीने अपंग पत्नीची दोन वर्षे केली तर मोहल्ल्यात त्याचे नाव होते, आणि तिसऱ्या वर्षी त्याची बहीण किंवा मावशी त्याच्यासाठी स्थळ घेऊन येते. या ठिकाणी हजरत उस्मान (रजि.) यांचे स्मरण केले पाहिजे. हिजरी २ साली मुसलमान बदरकडे निघाले तेव्हा त्यांच्या पत्नी, प्रेषितांच्या (स.) कन्या हजरत रुकय्या (रजि.) आजारी होत्या. प्रेषितांनी (स.) त्यांना पत्नीपाशी थांबविले आणि बदरमध्ये हजर राहणाऱ्याइतका सवाब व गनीमतीतील हिस्सा त्यांना मिळेल असे सांगितले. हजरत रुकय्या (रजि.) त्या आजारातून उठल्या नाहीत. विजयाची वार्ता मदीनेत पोहोचली तेव्हा त्यांचे दफन चालू होते, असे सीरतकार लिहितात. पुढे अनेक वर्षांनी एका माणसाने बदरला न जाणे हा हजरत उस्मान (रजि.) यांचा दोष म्हणून मोजला, तेव्हा हजरत इब्ने उमर (रजि.) यांनी त्याला हीच हकीकत सांगून निरुत्तर केले.

बदरपेक्षा मोठा दिवस इस्लामच्या इतिहासात कोणता? आणि त्या दिवशी एका सशक्त, श्रीमंत पुरुषाची जागा पत्नीच्या उशाशी ठरवली गेली. हे काम बायकांचे आहे, असे म्हणणाऱ्या बंधूंनी ही रिवायत सहीह बुखारीत काढून वाचावी. हा आजार काही दिवसांचा होता आणि अपंगत्व वर्षानुवर्षांचे असते, हा फरक मला मान्य आहे. पण एका दिवसाच्या उशाची किंमत जर बदरची असेल, तर दहा वर्षांच्या उशाची किंमत लावण्याचे धाडस मी करणार नाही.

दुसऱ्या विवाहाविषयी स्पष्ट लिहिणे भाग आहे, कारण या बाबतीत आमच्याकडे येणारे लोक बहुधा फतवा घेऊन निर्धास्त होण्यासाठी येतात. शरीअतने अनुमती दिली आहे आणि न्यायाची अटही घातली आहे (४:३). अपंग पहिल्या पत्नीला न्याय देणे हे निरोगी पत्नीला न्याय देण्यापेक्षा अवघड आहे, सोपे नाही. तिला माहेरी पोहोचवून महिन्याला काही रक्कम पाठवणे हा न्याय नव्हे. पत्नी पतीच्या घरी आजारी पडली तर तिचा नफका चालूच राहतो, असे हनफी फिक्ह सांगते. आजाराने तो तुटत नाही. घरकामासाठी आणि सेवेसाठी दुसरी करतो, असे जो म्हणतो, त्याने त्या दुसऱ्या स्त्रीचाही विचार करावा. तिला पत्नी म्हणून आणतो आहे की बिनपगारी मोलकरीण म्हणून? सूरह अन्-निसामध्ये (४:१९) पत्नीशी भलेपणाने वागण्याचा आदेश देऊन, जे तुम्हांला नापसंत वाटते त्यातच अल्लाहने पुष्कळ भले ठेवले असू शकते, असे सुचविले आहे. हा आदेश पत्नी निरोगी असेपर्यंतच लागू आहे, असे कोठेही म्हटलेले नाही.

दुसऱ्या बाजूने, एखादी स्त्री खरोखरच निभावू शकत नसेल तर तिच्यावर दगड उचलू नयेत. साबित बिन कैस (रजि.) यांच्या पत्नी प्रेषितांकडे (स.) आल्या. पतीच्या धर्माविषयी वा शीलाविषयी आपली तक्रार नाही, पण त्यांच्यासोबत राहणे आपल्याला जमत नाही, असे त्यांनी सांगितले. प्रेषितांनी (स.) त्यांना दूषण दिले नाही. महर म्हणून मिळालेली बाग परत करवून त्यांना मोकळे केले. साबित (रजि.) हे थोर सहाबी होते आणि या घटनेने त्यांच्या थोरवीलाही बाधा आली नाही. सबर हा स्वतः करायचा असतो. ज्याने आयुष्यात एकदाही रुग्णाची चादर बदललेली नाही, त्याने तो दुसऱ्याच्या अंगावर घालू नये.

जी स्त्री निभावते, तिच्या वाट्याला बहुधा मिळवतीची भूमिकाही येते. ती शिवणयंत्र चालवते, शाळेत नोकरी करते, खानावळीचे डबे देते, आणि पतीला ते मनात सलते. येथे हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांच्या पत्नी जैनब (रजि.) आठवतात. त्यांच्याजवळ स्वतःची संपत्ती होती, पतीजवळ नव्हती. पतीवर आणि पदरी असलेल्या अनाथांवर खर्च केला तर तो सदका गणला जाईल काय, असे त्यांनी प्रेषितांना (स.) विचारविले. दुहेरी सवाब आहे, असे उत्तर आले : एक नात्याचा आणि एक सदक्याचा. त्या पतीचे नाव पुन्हा वाचा. कुरआनचे ज्ञान ज्यांच्याकडून घ्यावे असे प्रेषितांनी (स.) सांगितले, त्यांत ते होते. पत्नीच्या पैशावर घर चालल्याने इब्ने मसऊद (रजि.) लहान झाले नाहीत, पक्षाघाताने अंथरुणाला लागलेला आपला रिक्षावाला बंधूही होत नाही.

आणि जो सेवा करतो, त्याचे शरीरही अल्लाहची अमानत आहे. हजरत सलमान (रजि.) आपले बंधू अबू दर्दा (रजि.) यांच्या घरी गेले तेव्हा त्यांना उम्मे दर्दा (रजि.) मळक्या, साध्या वेशात दिसल्या. घरची स्थिती त्यांनी ओळखली आणि रात्रभर नमाज पढू पाहणाऱ्या अबू दर्दांना झोपायला लावले. पालनकर्त्याचा हक्क आहे, स्वतःचा आहे, घरच्यांचाही आहे, ज्याचा त्याला द्यावा, असे सांगितले. प्रेषितांनी (स.) सलमान (रजि.) यांचे म्हणणे खरे ठरवले. नफिल इबादतीसाठीसुद्धा शरीर झिजवून घरच्यांचा हक्क बुडवू नये, हा जर नियम असेल, तर सेवेसाठी स्वतःला मोडून घेणे कसे चालेल? त्या भगिनीला मी हेच विचारले : तुम्ही शेवटच्या कधी सलग सहा तास झोपलात? तिला आठवेना. तिचे दोन दीर याच शहरात होते. आठवड्यातून दोन रात्री त्यांनी भावाजवळ झोपायचे, असे आम्ही बसून ठरवले. सुखाच्या प्रश्नाचे माझे उत्तर तेथून सुरू झाले, कारण झोप नसलेल्या माणसाला सुकून कोठे शोधावा हेच कळत नाही.

नातेवाइकांनी आणि मशिदीच्या विश्वस्तांनी यात करण्यासारखे पुष्कळ आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले आहेत. प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात जावे लागते, यूडीआयडी कार्ड काढावे लागते, निराधारांसाठी संजय गांधी योजनेचा अर्ज भरावा लागतो. रुग्णाला एकटे सोडून या रांगेत उभे राहणे त्याच्या जोडीदाराला अशक्य असते. मोहल्ल्यातील एखाद्या शिकलेल्या तरुणाने दोन दिवस दिले तर ते होऊन जाते. मशिदीच्या पायऱ्यांशेजारी उताराची वाट आणि वुजूखान्यात बसण्याची एक उंच जागा, एवढ्यासाठी मोठ्या चंद्याची गरज पडत नाही. आपण मिनारांवर किती खर्च करतो!

शेवटी एक मसला, कारण तो विचारण्यास लोक संकोचतात. पत्नी किंवा पती अशा अवस्थेत आहे की तिला वा त्याला एकटे सोडल्यास हानी होईल, आणि जवळ दुसरे कोणी नाही, तर सेवा करणाऱ्या पुरुषावर जमाअतची आणि जुम्याची हजेरी बंधनकारक राहत नाही. त्याने घरी जुहर पढावी. हजरत इब्ने उमर (रजि.) यांना एका जुम्याच्या दिवशी, ऊन वर आल्यावर, सईद बिन जैद (रजि.) आजारी असल्याचे कळले. ते स्वार होऊन त्यांच्याकडे गेले आणि त्यांनी त्या दिवशीचा जुमा सोडला, असे बुखारीत आहे. तेव्हा सफेत नेहमी दिसणारा माणूस दोन-तीन जुमे दिसला नाही, तर त्याच्याविषयी तर्क करण्याआधी त्याच्या घरी कोण अंथरुणाला आहे ते विचारावे. आणि घरात पत्नी आजारी असेल, तर पुढच्या जुम्याला बारा ते दोन आपल्या आई-बहिणींपैकी कोणीतरी तिच्याजवळ जाऊन बसेल अशी व्यवस्था करावी. तो मशिदीत येऊ शकेल, आणि तिलाही दोन तास बोलायला दुसरे माणूस मिळेल.